उच्चस्पष्टता दूरचित्रवाणी : घरगुती चित्रमुद्रण आणि प्रतप्रतिबंध

दूरचित्रवाणीवरील एखादा कार्यक्रम घरच्या घरी फितीवर किंवा तबकडीवर उतरवून घेणे ही क्रिया वरकरणी क्षुल्लक वाटते. परंतु गेल्या पन्नास वर्षांत या एका क्रियेभोवती जेवढे खटले, जेवढे नियम आणि जेवढी तांत्रिक कारागिरी उभी राहिली, तेवढी दुसऱ्या एखाद्या गृहकृत्याच्या वाट्यास क्वचितच आली असेल. याचे कारण असे की, या क्रियेत तीन निरनिराळे हितसंबंध एकमेकांस भिडतात. कार्यक्रमाच्या निर्मात्यास आपल्या कृतीच्या प्रतींवर नियंत्रण हवे असते. यंत्राच्या उत्पादकास आपले यंत्र अधिकाधिक उपयुक्त करावयाचे असते. आणि प्रेक्षकास, एकदा घरात आलेला कार्यक्रम आपल्या सवडीने पाहावयाचा, जपावयाचा किंवा अभ्यासावयाचा असतो.

'हाय डेफिनिशन' किंवा 'एचडी' या नावाने जनसामान्यांस परिचित असलेली उच्चस्पष्टता दूरचित्रवाणी प्रचारात आल्यापासून या तिढ्यास अधिकच तीव्र स्वरूप आले. चित्रमुद्रण किती करावे, कोणी करावे व त्याच्या प्रती किती व्हाव्यात, हे ठरविण्याचे काम पूर्वी कायद्याचे होते. ते हळूहळू यंत्रात बसविलेल्या कुलपांकडे गेले. हा बदल कसा घडून आला, त्यामागील तांत्रिक रचना कोणती, आणि त्याचे परिणाम अभ्यासकाच्या दृष्टीने काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात अमेरिका, जपान व भारत या तीन देशांच्या अनुभवावरून केला आहे. कायदा कृतीमागील हेतू पाहतो व यंत्र केवळ चिन्ह पाहते, हा भेद ध्यानी ठेवल्यास या विषयातील बरीचशी गुंतागुंत उलगडते.

१. घरगुती चित्रमुद्रणास मिळालेली मान्यता

घरगुती वापरासाठी चित्रमुद्रण करणारे 'बीटामॅक्स' हे यंत्र सोनी कंपनीने १९७५ मध्ये बाजारात आणले. पुढच्याच वर्षी युनिव्हर्सल आणि डिस्ने या चित्रपटसंस्थांनी अमेरिकेत सोनीविरुद्ध दावा दाखल केला. या यंत्राचा मुख्य उपयोग आमच्या कृतींच्या अनधिकृत प्रती काढण्याकडे होतो, म्हणून यंत्राचा उत्पादकही त्या अपराधास जबाबदार होय, असे त्यांचे म्हणणे होते. १९७९ मध्ये पहिल्या न्यायालयाने सोनीच्या बाजूने निर्णय दिला. १९८१ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरविला. आणि अखेर १७ जानेवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने सोनीस निर्दोष ठरविले.

बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी लिहिले. त्यातील दोन सूत्रे पुढील सर्व वादांच्या मुळाशी आहेत. पहिले सूत्र असे की, विनामूल्य प्रसारित झालेला कार्यक्रम सोयीच्या वेळी पाहता यावा म्हणून घरी मुद्रित करून ठेवणे हा प्रताधिकाराच्या कायद्याने मान्य केलेला 'न्याय्य वापर' होय. दुसरे सूत्र असे की, ज्या यंत्राचे महत्त्वाचे असे निर्दोष उपयोग संभवतात, त्या यंत्राची केवळ विक्री केल्याने उत्पादक दोषी ठरत नाही. मुलांसाठी कार्यक्रम करणारे फ्रेड रॉजर्स यांनी, कुटुंबांनी आपला कार्यक्रम मुद्रित करून सवडीने पाहावा यास आपली हरकत नाही, अशी साक्ष दिली होती. तिचा उल्लेख निकालपत्रात आवर्जून केलेला आढळतो.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हा निर्णय हेतू व परिणाम यांची पारख करून दिलेला होता. प्रत काढणे निर्दोष की सदोष, हे प्रत काढणाऱ्याने तिचे पुढे काय केले यावर अवलंबून राहिले. ते ठरविण्याचा अधिकार न्यायाधीशाकडे राहिला, आणि प्रत काढून झाल्यानंतर तो वापरला जाणार होता. शिवाय या निर्णयाचा गाभा विनामूल्य प्रसारणापुरता होता. वर्गणी भरून पाहावयाच्या वाहिन्या किंवा कायमचा संग्रह करण्यासाठी केलेले चित्रमुद्रण यांविषयीचा प्रश्न त्याने निकालात काढला नाही. पुढील काळातील कुलपे नेमकी याच मोकळ्या राहिलेल्या जागेत बसविली गेली. ज्या यंत्रावर बंदी यावी म्हणून चित्रपटसंस्था झगडल्या, त्याच यंत्राने चित्रपटांच्या तयार कॅसेटींचा मोठा व्यापार त्यांना मिळवून दिला, ही गोष्टही येथे नमूद करावयास हवी.

२. फितीची मर्यादा आणि अंकीय संकेत

व्हीएचएस किंवा बीटामॅक्स या ॲनालॉग पद्धतीच्या फितींस एक नैसर्गिक कुंपण होते. मूळ फितीवरून काढलेली प्रत थोडी फिकी येई. प्रतीची प्रत त्याहून फिकी. आणि चार-पाच पिढ्यांनंतर चित्र पाहण्याच्या योग्यतेचे राहत नसे. त्यामुळे एका घरातून निघालेली प्रत फार दूर जाऊ शकत नव्हती. तयार कॅसेटींच्या संरक्षणासाठी १९८० नंतरच्या दशकात 'मॅक्रोव्हिजन' ही युक्ती प्रचारात आली. दूरचित्रवाणीच्या संकेतात दोन चित्रांच्या मध्ये एक रिकामी पट्टी असते. पडद्यावर ती दिसत नाही. या पट्टीत मुद्दाम तीव्र स्पंदने घातली की, मुद्रणयंत्रातील तीव्रता आपोआप सांभाळणारे मंडल फसे व प्रत कधी उजळ, कधी काळोखी अशी येई. पडद्यावरील चित्रास मात्र सहसा बाध येत नसे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने व्हीएचएस व तत्सम घरगुती मुद्रणयंत्रांनी या युक्तीस प्रतिसाद दिलाच पाहिजे, अशी सक्तीही केली.

अंकीय, म्हणजेच डिजिटल, संकेताने हे नैसर्गिक कुंपण नाहीसे केले. अंकांची प्रत म्हणजे तेच अंक. शंभराव्या पिढीची प्रतही मूळ प्रतीशी तंतोतंत जुळते. उच्चस्पष्टता दूरचित्रवाणीच्या बाबतीत या अंकांचे प्रमाण किती असते हे पाहणे उद्बोधक ठरेल. तिच्या पूर्ण चित्रात १,९२० उभे स्तंभ व १,०८० आडव्या ओळी, म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी २४ बिट आणि सेकंदास ३० चित्रे धरली, तर सेकंदाला सुमारे दीड अब्ज बिटांचा ओघ होतो. अमेरिकेत १९९६ अखेरीस स्वीकारलेल्या प्रमाणपद्धतीनुसार संपीडनाने हा ओघ सेकंदास सुमारे १ कोटी ९४ लक्ष बिटांवर आणला जातो व जुन्या पद्धतीच्या एका वाहिनीइतक्याच, म्हणजे ६ मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात तो बसतो. या हिशेबाने एका तासाच्या कार्यक्रमास सुमारे पावणेनऊ अब्ज बाइट जागा लागते. एका सामान्य डीव्हीडीत ४.७ अब्ज बाइट मावतात.

या आकड्यांवरून दोन निष्कर्ष निघतात. संपीडित ओघ घरगुती संगणकाच्या तबकडीवर सहज साठविता येतो. म्हणून निर्मात्यांची भीती निराधार नव्हती. उलट, संपीडन उलगडून पडद्याकडे धाडलेला दीड अब्ज बिटांचा ओघ घरगुती साधनांनी पकडणे प्रारंभीच्या काळात जवळजवळ अशक्य होते. तरीही या दोन्ही ठिकाणी कुलपे बसविण्यात आली.

३. कुलपांची रचना

पहिल्या प्रकारचे कुलूप एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या संपीडित ओघाचे असते. हिताची, इंटेल, मात्सुशिता, सोनी व तोशिबा या पाच कंपन्यांनी मिळून केलेल्या योजनेत प्रत्येक कार्यक्रमासोबत दोन बिटांचे एक चिन्ह जाते. दोन बिटांचे चारच संयोग संभवतात. म्हणून सर्व कार्यक्रमांचे चार वर्ग होतात : मुक्तपणे प्रत काढावी. प्रतींची एकच पिढी काढावी. यापुढे प्रत काढू नये. आणि प्रत कधीच काढू नये. 'एक पिढी' असे चिन्ह असलेला कार्यक्रम मुद्रित होताच, मुद्रणयंत्र प्रतीवरील चिन्ह बदलून 'यापुढे नाही' असे करते. जी दोन उपकरणे एकमेकांस आपली ओळख पटवून देऊ शकत नाहीत, त्यांच्यात ओघ वाहतच नाही.

दुसऱ्या प्रकारचे कुलूप पेटी आणि पडदा यांच्या मधल्या तारेवर असते. इंटेलने २००० मध्ये पुढे आणलेली 'एचडीसीपी' ही पद्धत ती हीच. आजच्या एचडीएमआय जोडणीत तिचा सर्रास उपयोग होतो. तिची रचना मोठी कल्पक आहे. प्रत्येक उपकरणात दोन वस्तू असतात. एक, चाळीस अंकांची उघड खूण; तिच्यात वीस शून्ये व वीस 'एक' असतात. दुसरी, प्रत्येकी ५६ बिटांच्या चाळीस गुप्त किल्ल्यांचा जुडगा. दोन उपकरणे जोडली जाताच ती आपापल्या उघड खुणा परस्परांस कळवितात. समोरच्याच्या खुणेत ज्या ज्या स्थानी 'एक' असेल, त्या त्या स्थानाची आपली किल्ली निवडून प्रत्येक उपकरण त्या किल्ल्यांची बेरीज करते. हे सर्व जुडगे एकाच गुप्त मूळ कोष्टकापासून अशा बेताने तयार केलेले असतात की, दोन्हीकडची बेरीज नेमकी एकच येते. ती बेरीज कोणी कोणास सांगत नाही, तरी ती दोघांस ठाऊक असते. आणि तिच्याच आधारे तारेवरील ओघ कूटबद्ध केला जातो. एखाद्या उपकरणाच्या किल्ल्या फुटल्याचे आढळल्यास त्याची खूण बाद खुणांच्या यादीत घालावयाची, अशीही तरतूद आहे.

तथापि केवळ बेरजेवर उभी असलेली रचना समीकरणे मांडून उलगडता येते. सुमारे चाळीस उपकरणांच्या किल्ल्या हाती आल्यास मूळ कोष्टक पुन्हा मांडता येईल, असे अमेरिकेतील काही संशोधकांनी २००१ मध्येच दाखवून दिले होते. नील्स फर्ग्युसन या कूटशास्त्रज्ञास त्याच वर्षी तसाच दोष आढळला. परंतु अमेरिकन कायद्यानुसार खटला होईल या भीतीने त्यांनी आपला शोध प्रसिद्ध करण्याचे नाकारले. सप्टेंबर २०१० मध्ये मूळ कोष्टक इंटरनेटवर निनावीपणे प्रसिद्ध झाले, आणि ते खरे असल्याचे इंटेलने मान्य केले. मूळ कोष्टक हाती असणाऱ्यास हवी तेवढी नवी 'अधिकृत' उपकरणे तयार करता येतात. त्यामुळे बाद खुणांच्या यादीलाही अर्थ उरला नाही. डीव्हीडीवरील ४० बिटांच्या किल्लीचे कुलूप १९९९ मध्येच उघडले गेले होते.

या कुलपांचा जाच मात्र प्रामाणिक ग्राहकास प्रथम झाला. उच्चस्पष्टतेचे जे पडदे प्रारंभीच्या वर्षांत विकले गेले, त्यांपैकी पुष्कळांस केवळ ॲनालॉग जोडणी होती. पुढे ब्लू-रे तबकडीच्या नियमांनुसार २०१० नंतर तयार झालेल्या यंत्रांतून ॲनालॉग मार्गाने उच्चस्पष्ट चित्र देण्याचे बंद झाले, आणि २०१३ नंतरच्या यंत्रांतून तो मार्गच काढून टाकावयाचा होता. पडदा उत्तम स्थितीत असूनही त्यास पूर्ण चित्र मिळू नये, अशी ही स्थिती होय.

४. प्रसारण-ध्वज

वरील कुलपे वर्गणीच्या वाहिन्या व तबकड्या यांच्यासाठी पुरेशी होती. आकाशवाटेने विनामूल्य येणाऱ्या प्रसारणास मात्र कुलूप नव्हते. ज्याच्यापाशी अँटेना व ग्राहकयंत्र असेल त्यास ते घेता येई. येथे चित्रपटसंस्थांनी 'प्रसारण-ध्वज' या योजनेचा आग्रह धरला. प्रसारण उघडेच ठेवावयाचे, परंतु त्यासोबत एक लहानसे चिन्ह पाठवावयाचे. आणि ज्या ज्या यंत्रास ते प्रसारण घेता येते त्या प्रत्येक यंत्राने ते चिन्ह पाळलेच पाहिजे, अशी कायद्याने सक्ती करावयाची, असे या योजनेचे स्वरूप होते. ध्वज असलेल्या कार्यक्रमाचे घरात चित्रमुद्रण करता आले असते. परंतु ते केवळ सरकारमान्य कुलूपबंद पद्धतीने. इंटरनेटवरून होणारा फैलाव रोखणे, हा योजनेचा उद्देश सांगण्यात आला.

अमेरिकेच्या संघराज्य दळणवळण आयोगाने ४ नोव्हेंबर २००३ रोजी ही योजना मंजूर केली व १ जुलै २००५ पासून ती अमलात यावयाची होती. तिच्याविरुद्ध अमेरिकन ग्रंथालय संघ व अन्य काही संस्था न्यायालयात गेल्या. ग्रंथालयांचा या प्रकरणाशी काय संबंध, असा प्रश्न प्रथम न्यायालयासच पडला; कारण ज्यास प्रत्यक्ष हानी पोचते त्यासच दाद मागता येते. त्यावर जी प्रतिज्ञापत्रे सादर झाली त्यांत नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा दाखला निर्णायक ठरला. या ग्रंथालयाच्या साहाय्याने प्रसारित कार्यक्रमांतील उतारे दूरस्थ विद्यार्थ्यांस इंटरनेटवरून दाखविले जात. ध्वज लागू झाल्यास कायद्याने संमत असलेले हे अध्यापनकार्यच अडले असते.

६ मे २००५ रोजी, म्हणजे अंमलबजावणीस अवघे आठ आठवडे उरले असता, वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयाने एकमताने हा नियम रद्द केला. प्रसारणाच्या क्रियेवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार आयोगास आहे. परंतु प्रसारण पूर्ण होऊन कार्यक्रम घरात पोचल्यानंतर त्या घरातील यंत्राने काय करावे हे ठरविण्याचा अधिकार कायदेमंडळाने आयोगास दिलेला नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. नियमावलीतून ही कलमे २०११ मध्ये अधिकृतपणे वगळण्यात आली.

आयोगाने सप्टेंबर २००३ मध्ये केबल व उपग्रह वाहिन्यांसाठी केलेले नियम या संदर्भात तुलनेसाठी पाहण्यासारखे आहेत. विनामूल्य प्रसारणावर प्रतबंदी घालू नये. वर्गणीच्या वाहिन्यांस फार तर एका पिढीची मर्यादा घालावी. आणि स्वतंत्र पैसे भरून मागविलेल्या कार्यक्रमास पूर्ण बंदी घालता यावी, अशी ही त्रिस्तर व्यवस्था होती. कुलूप लावणाऱ्यावरही काही मर्यादा असावी, हे तत्त्व तिच्यात अंतर्भूत होते. परंतु २०१३ मध्ये न्यायालयाने तो आदेशही अधिकाराबाहेरचा ठरवून रद्द केला. त्यामुळे ध्वज गेला, तसे प्रेक्षकाचे संरक्षणही गेले. २०१७ मध्ये आयोगाने प्रसारणाच्या नव्या पिढीस परवानगी दिली. तिच्यात आकाशवाटेचे प्रसारणच कूटबद्ध करण्याची सोय आहे, आणि २०२३ पर्यंत अनेक शहरांतील स्थानकांनी तिचा अवलंब केलेला होता. ध्वजाने जे साधले नाही ते आता किल्लीने साधण्याचा हा प्रयत्न होय.

५. जपानचा अनुभव

अमेरिकेत जी योजना न्यायालयात अडली तिच्याहून कडक योजना जपानमध्ये प्रत्यक्ष अमलात आली. तेथे भूपृष्ठावरील अंकीय प्रसारण डिसेंबर २००३ मध्ये सुरू झाले, आणि एप्रिल २००४ पासून विनामूल्य वाहिन्यांसह सर्व प्रसारणास 'एकच प्रत' हा नियम लागू झाला. प्रसारण कूटबद्ध असे, व ते उलगडण्यासाठी प्रत्येक ग्राहकयंत्रात एक कार्ड घालावे लागे. कार्यक्रम यंत्रातील तबकडीवर मुद्रित झाला की तीच एकमेव प्रत. ती डीव्हीडीवर न्यावयाची असल्यास मूळ जागेवरून ती पुसली जाई. स्थलांतर मध्येच अडखळले तर कार्यक्रम दोन्हीकडून हातचा जाई.

या नियमाविरुद्ध इतकी नाराजी माजली की, ४ जुलै २००८ पासून 'दहा प्रती' असा नवा नियम करण्यात आला : नऊ प्रती काढाव्यात व दहाव्या वेळी मूळच हलवावे. प्रतीवरून प्रत काढण्यास मात्र बंदीच राहिली. हा नियम जूनमध्येच लागू व्हावयाचा होता. परंतु मुद्रणयंत्रांवर व कोऱ्या तबकड्यांवर कलावंतांसाठी शुल्क आकारावे की नाही, या वादाने तो एक महिना लांबला. वाद मूलभूत होता. प्रत काढू द्यावयाची आणि तिच्या बदली कलावंतास यंत्राच्या किमतीतून मोबदला द्यावयाचा, ही एक व्यवस्था. प्रतच काढू द्यावयाची नाही, ही दुसरी. पश्चिम जर्मनीने १९६५ च्या कायद्यात पहिला मार्ग स्वीकारला होता. जपानमधील यंत्रोत्पादकांचा प्रश्न असा होता की, कुलूप असताना शुल्क कशासाठी? शुल्क वसूल करणाऱ्या संस्थेने तोशिबाविरुद्ध लावलेला खटला २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संस्थेच्या विरुद्ध संपला. त्याच वर्षी तेथील कार्डाचे गुपितही फुटले.

६. चित्रमुद्रण आणि समाजाची स्मृती

येथवरचा विचार निर्माता व प्रेक्षक या दोघांच्या हिताचा झाला. परंतु घरगुती चित्रमुद्रणाचा एक तिसरा लाभार्थी आहे, आणि तो बहुधा मागाहून जन्मास येतो; तो म्हणजे संशोधक.

प्रसारणसंस्था आपले कार्यक्रम जपून ठेवतात, ही समजूत इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. ब्रिटिश प्रसारण संस्थेने, म्हणजे बीबीसीने, १९६० व १९७० च्या दशकांत असंख्य कार्यक्रमांच्या फिती पुसून पुन्हा वापरल्या, कारण फीत महाग होती व कार्यक्रमाचे काम संपलेले होते. 'डॉक्टर हू' या लोकप्रिय मालिकेचे नव्वदांहून अधिक भाग अशा रीतीने नाहीसे झाले. त्या सर्व भागांचे ध्वनिमुद्रण मात्र आज उपलब्ध आहे. कारण काही प्रेक्षकांनी ते प्रसारणाच्या वेळी घरी ध्वनिफितीवर उतरवून घेतले होते. १९६७ मध्ये खेळल्या गेलेल्या अमेरिकन फुटबॉलच्या पहिल्या 'सुपर बोल' सामन्याचे प्रसारण दोन मोठ्या संस्थांनी केले. मूळ प्रसारणाची फीत त्यांपैकी एकीनेही जपली नाही, आणि पुढे जी सापडली ती एका खासगी व्यक्तीने करून ठेवलेली होती.

हेच कार्य काही ठिकाणी पद्धतशीरपणे झाले. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ५ ऑगस्ट १९६८ पासून राष्ट्रीय वाहिन्यांच्या सायंकालीन बातम्या रोजच्या रोज मुद्रित करण्यास आरंभ केला. १९७३ मध्ये सीबीएस या प्रसारणसंस्थेने त्याविरुद्ध दावा लावला. १९७६ च्या कायद्यात ग्रंथालयांना बातम्यांचे चित्रमुद्रण करण्याची मुभा मिळाली आणि वाद मिटला. फिलाडेल्फिया येथील मॅरियन स्टोक्स या एकट्या स्त्रीने सुमारे पस्तीस वर्षे, २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत, घरातील अनेक यंत्रांवर रात्रंदिवस वृत्तवाहिन्या मुद्रित केल्या. त्यांनी मागे ठेवलेल्या फितींची संख्या सत्तर हजारांच्या घरात जाते. पुढे त्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेकडे जतनासाठी आल्या. या बाईंच्या काळातील यंत्राने 'यापुढे प्रत नाही' असे चिन्ह पाळले असते, तर त्या फितींवरून आजच्या साधनांवर एकही प्रत उतरविता आली नसती, आणि फिती झिजत गेल्या तसा तो संग्रह संपला असता.

जतन करणे म्हणजे प्रतीची प्रत काढीत राहणे होय. फीत सडते, तबकडी बिघडते, यंत्र कालबाह्य होते; म्हणून ग्रंथपालास दर काही वर्षांनी सारे साहित्य नव्या साधनावर न्यावे लागते. 'एकच पिढी' हा नियम व्यापारी दृष्टीने कितीही समतोल वाटला, तरी जतनाच्या दृष्टीने तो एका यंत्राच्या आयुष्याएवढीच स्मृती ठेवण्याची परवानगी देतो.

७. भारतीय कायद्यातील स्थिती

भारतात १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमात २०१२ मध्ये महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. या अधिनियमातील तीन तरतुदी येथे विचारात घेण्याजोग्या आहेत. पहिली, कलम ५२ मधील खासगी वापर व संशोधन यांसाठीच्या न्याय्य वापराची सवलत. ती पूर्वी साहित्य, नाट्य, संगीत व कलाकृती यांपुरती होती. या दुरुस्तीने ती चित्रपट व ध्वनिमुद्रण यांनाही लागू झाली. दुसरी, कलम ३९ : स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा केवळ अध्यापन व संशोधन यांच्या प्रामाणिक हेतूने प्रसारणाचे ध्वनिमुद्रण किंवा चित्रमुद्रण केल्यास प्रसारणसंस्थेच्या हक्काचा भंग होत नाही. तिसरी, नव्याने घातलेले कलम ६५-अ : हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप फोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड.

या तिसऱ्या कलमातील 'हेतू' हा शब्द महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात प्रवेश रोखणारे कुलूप फोडणे हाच स्वतंत्र अपराध ठरतो, आणि त्यास अपवाद हवे असल्यास दर तीन वर्षांनी काँग्रेसच्या ग्रंथपालाकडे ते मागावे लागतात. भारतीय कलमात मात्र, अधिनियमाने स्पष्टपणे निषिद्ध न केलेल्या कार्यासाठी कुलूप उघडल्यास अपराध घडत नाही; अशा कार्यात साहाय्य करणाऱ्याने साहाय्य घेणाऱ्याचे नाव, पत्ता इत्यादींची नोंद ठेवावी, एवढीच अट आहे. म्हणजे १९८४ च्या अमेरिकन निर्णयातील हेतूची पारख भारतीय कायद्याने कुलपांच्या युगातही कायम ठेवली, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु हक्क असणे व तो बजावता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कुलूप लावणाऱ्याने अभ्यासकास किल्ली द्यावी, असे बंधन या अधिनियमात कोठेही नाही. शहरांतील केबल प्रसारण २०१२ पासून टप्प्याटप्प्याने अंकीय व कूटबद्ध झाले. घरोघरी असलेल्या पेट्यांपैकी काहींत मुद्रणाची सोय असते. तथापि तिने उतरविलेला कार्यक्रम पुष्कळदा त्याच पेटीवर पाहता येतो, आणि पेटी बदलली की तो हरपतो. मराठी वृत्तवाहिन्यांवरील निवडणूकचर्चा, नाट्यविषयक मुलाखती किंवा बोलीभाषांतील मालिका ज्या संशोधकास उद्या अभ्यासावयाच्या असतील, त्याला कायद्याने मुभा आहे; पण ती वापरण्याचे सुलभ साधन त्याच्या हाती नाही.

उपसंहार

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. एक, चित्रमुद्रणाच्या कुलपांनी धंदेवाईक चोरास रोखल्याचे दिसत नाही. प्रमुख कुलपांपैकी बहुतेकांची गुपिते एक-दोन दशकांच्या आत उघड झाली, आणि एकदा एका ठिकाणी कुलूप उघडले की अंकीय प्रत सर्वत्र पोचते. दोन, जो नियम पाळू इच्छितो त्यासच या कुलपांचा अडसर होतो. कारण चोरीसाठी काढलेली प्रत, सवडीने पाहण्यासाठी काढलेली प्रत आणि ग्रंथालयाने जतनासाठी काढलेली प्रत, या तिन्हींपुढे यंत्रातील चिन्ह एकच उत्तर देते. तीन, निर्मात्याच्या मोबदल्याचा प्रश्न खरा आहे, आणि जर्मनीच्या उदाहरणावरून तो कुलपावाचूनही हाताळता येतो.

म्हणून ज्या राज्याने कुलपास कायद्याचे पाठबळ दिले असेल, त्याने त्याच कायद्यात जतन, अध्यापन व संशोधन यांच्यासाठी किल्लीचीही व्यवस्था करणे न्यायाचे ठरेल. प्रसारणाच्या कूटमुक्त प्रती ठराविक ग्रंथालयांकडे जमा करण्याची पद्धत हा त्याचा एक मार्ग होय. छापील पुस्तकांच्या बाबतीत भारताने १९५४ च्या ग्रंथप्रदान अधिनियमाने तो पूर्वीच स्वीकारलेला आहे. पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात पोचावी, असे ज्या विचाराने ठरविले गेले, तोच विचार पडद्यावरून रोज सरकून जाणाऱ्या शब्दास व चित्रास लागू न करण्याचे कोणतेही सबळ कारण दिसत नाही.